रिटर्नवरचं कुटुंब : प्रस्तावना

जानेवारीच्या अखेरीस डब्ल्यू-टू हातात पडले की अमेरिकेतल्या मराठी घरांत ठरलेले प्रश्न निघतात. आईबाबांना रिटर्नवर दाखवता येतं का? थोरलीचा जन्म नाशिकचा, धाकट्याचा एडिसनचा. मग दोघांचे पैसे सारखेच मिळतील ना? मुलगा कॉलेजला गेला, उन्हाळ्यात इंटर्नशिपचे बारा हजार डॉलर कमावून आला, आता त्याला धरायचं की सोडायचं? प्रश्न विचारणारा बहुधा शिकलेला, आकडेमोडीत तरबेज असतो. तरीही त्याचं उत्तर चुकतं, कारण तो एका दमात दोन प्रश्न विचारत असतो आणि त्याला वाटत असतं की आपण एकच विचारला.

पहिला प्रश्न असा की ही व्यक्ती कायद्याच्या लेखी माझी डिपेन्डन्ट, म्हणजे अवलंबित, आहे का. दुसरा प्रश्न असा की ती डिपेन्डन्ट असली, तर तिच्यापोटी मला कोणतं क्रेडिट मिळतं. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘हो’ येईलच असं नाही. रेशनकार्डावर नाव असणं वेगळं आणि त्या नावावर कोणतं धान्य किती मिळणार हे वेगळं, तसाच हा प्रकार. अमेरिकेतल्या कुटुंबाच्या करसवलतींबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे होतात. पुढच्या प्रकरणांत ते शेवटपर्यंत वेगळे ठेवले आहेत.

आधी क्रेडिट आणि वजावट यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. वजावट उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे तिचा फायदा तुमच्या कराच्या दरावर ठरतो. क्रेडिट थेट करातून वजा होतं. पाचशे डॉलरचं क्रेडिट म्हणजे कर पाचशे डॉलरनं कमी. त्यातही काही क्रेडिटं कर शून्यावर आला की थांबतात आणि काही त्यापुढे रोख परतावा म्हणून हातात येतात. २०२५ सालच्या रिटर्नसाठी मुलांचं क्रेडिट, म्हणजे चाइल्ड टॅक्स क्रेडिट, दर मुलामागे २,२०० डॉलर आहे. त्यातले जास्तीत जास्त १,७०० डॉलर कर नसला तरी परत मिळू शकतात, तेही कमाईच्या हिशेबानं. इतर अवलंबितांसाठीचं क्रेडिट माणशी ५०० डॉलर आहे आणि त्यातलं काहीही रोख परत मिळत नाही. या दोन आकड्यांमधली दरी आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कोण पडतं, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

हे नियम एका बैठकीत कुणी लिहिलेले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९१७ साली अमेरिकेनं आयकर वाढवला, तेव्हा प्रत्येक अवलंबितामागे २०० डॉलर उत्पन्न करमुक्त धरायला सुरुवात केली. पुढची अनेक दशकं लोक रिटर्नवर मुलांची नावं लिहीत आणि सरकार ती मानून घेत असे. १९८६च्या करसुधारणा कायद्यानं १९८७च्या रिटर्नपासून पाच वर्षांवरच्या अवलंबितांचा सोशल सिक्युरिटी नंबर मागितला आणि एका वर्षात देशभरातल्या रिटर्नवरून सुमारे सत्तर लाख अवलंबित नाहीसे झाले. सगळेच बनावट नव्हते. घटस्फोटानंतर आई आणि बाप दोघांनीही तेच मूल दाखवल्याची उदाहरणंही त्यात होती. पण सरकारनं घ्यायचा तो धडा घेतला. कुटुंबाबद्दलच्या कोणत्याही दाव्याला तेव्हापासून नंबराचा आधार लागतो, आणि एच-वन व्हिसावरच्या घरांना आज सगळ्यात जास्त अडवतो तो हाच नंबर.

मुलांचं क्रेडिट आलं १९९७च्या कायद्यानं, १९९८ सालासाठी ४०० डॉलर. २००४च्या कायद्यानं वेगवेगळ्या सवलतींमधली ‘मूल’ची व्याख्या बऱ्याच अंशी एकसारखी केली. २०१७च्या कायद्यानं मोठी उलथापालथ केली: माणशी ४,०५० डॉलरची वजावट शून्यावर आणली, मुलांचं क्रेडिट एक हजारावरून दोन हजार केलं आणि इतर अवलंबितांसाठी ५०० डॉलरचं नवं क्रेडिट काढलं. २०२१ या एका वर्षापुरतं मुलांचं क्रेडिट लहान मुलांसाठी ३,६०० पर्यंत गेलं आणि जुलैपासून निम्मी रक्कम दरमहा खात्यात जमा झाली. त्या वर्षी सरकारच्याच पूरक मोजपट्टीनं मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर उतरली. वाढीव रक्कम बंद झाल्यावर पुढच्या वर्षी ती १२.४ टक्क्यांवर गेली. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यानं २,२०० हा आकडा आणला, पुढे तो महागाईशी जोडला आणि ५०० डॉलरचं क्रेडिट कायम केलं. मित्रानं चार वर्षांपूर्वी सांगितलेला नियम आज लागू होईलच असं नाही, त्याचं कारण हा इतिहास.

आता पहिल्या प्रश्नाकडे. डिपेन्डन्ट दोन वाटांनी होता येतं. पहिली वाट ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ची. इथे नातं, वय, मुक्काम आणि खर्च या चार कसोट्या आहेत. मुलगा, मुलगी, सावत्र किंवा दत्तक मूल, नातू-नात, भाऊ-बहीण, सख्खे भाचे-पुतणे हे नात्यात बसतात. चुलत आणि मावस भावंडं बसत नाहीत. वय वर्षाअखेरीस १९ च्या आत, पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहणं आवश्यक आहे. शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलेले दिवस घरातलेच धरले जातात. आणि मुलानं स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार स्वतः उचललेला नसावा. लग्न झालेल्या मुलानं जोडीदाराबरोबर संयुक्त रिटर्न भरलं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेलं बाळही पूर्ण वर्षासाठी धरता येतं.

इंटर्नशिपवाल्या मुलाचं उत्तर इथेच मिळतं. या वाटेवर मुलाच्या कमाईला मर्यादा नाही. त्यानं ती कमाई स्वतःच्या पोटावर किती खर्च केली, एवढंच पाहतात. बारा हजार कमावून बँकेत ठेवले आणि फी-राहणं-जेवण आईबाबांनी दिलं, तर तो डिपेन्डन्टच. मात्र त्यानं स्वतःचं रिटर्न भरताना ‘मला दुसरं कुणी धरू शकतं’ या चौकटीत खूण करायला हवी. ती खूण राहून जाते, मग आईबाबांचं ई-फाइल केलेलं रिटर्न अडकतं आणि घरात फोनाफोनी सुरू होते. पण हे झालं डिपेन्डन्टपुरतं. मुलांचं २,२०० डॉलरचं क्रेडिट सतरा वर्षांच्या आतल्या मुलांनाच आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सतरा पूर्ण झालेला मुलगा त्या संपूर्ण वर्षासाठी ५०० डॉलरच्या रांगेत जातो. तो डिपेन्डन्ट राहतो, क्रेडिट मात्र बदलतं.

नाशिक आणि एडिसन असे जन्म झालेल्या भावंडांची गोष्ट याहून बोचरी आहे. बाबा एच-वनवर, आई आणि नऊ वर्षांची थोरली एच-फोरवर, तीन वर्षांचा धाकटा जन्मानं अमेरिकन नागरिक. दोघं एकाच खोलीत झोपतात, एकाच डब्यातली पोळी खातात. धाकट्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे. थोरलीला तो मिळू शकत नाही. तिच्यासाठी डब्ल्यू-सेव्हन फॉर्म भरून आयटिन नावाचा कर-नंबर काढावा लागतो. २०१८ च्या आधी आयटिनवरच्या मुलालाही मुलांचं क्रेडिट मिळत असे. २०१८ पासून त्यासाठी काम करण्यास वैध असलेला सोशल सिक्युरिटी नंबर हवा, तोही रिटर्नच्या मुदतीच्या आत दिलेला. म्हणून त्याच घरात धाकट्यापोटी २,२०० आणि थोरलीपोटी ५००. ग्रीन कार्ड आलं आणि थोरलीचा नंबर झाला की ती तिथून पुढे सतरा वर्षांपर्यंत २,२०० च्या रांगेत येते. पण भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग पाहता पुष्कळ मुलं तोवर सतरा ओलांडून जातात.

२०२५ पासून आणखी एक अट आली: क्रेडिट मागणाऱ्या आईबाबांपैकी निदान एकाकडे तसा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. एच-वनवर नोकरी करणाऱ्याकडे तो असतोच, त्यामुळे आईचा आयटिन असला तरी संयुक्त रिटर्नवर धाकट्याचं क्रेडिट जात नाही. उलट ज्या घरात दोघंही चांगल्या पगारावर आहेत, तिथे उत्पन्नाची मर्यादा आड येते. संयुक्त रिटर्नवर चार लाख, एकट्यासाठी दोन लाख डॉलरच्या वर दर हजारामागे ५० डॉलर क्रेडिट घटतं. ४,३०,००० उत्पन्न आणि क्रेडिटला पात्र दोन मुलं असतील, तर ४,४०० मधून १,५०० जाऊन २,९०० उरतात.

डिपेन्डन्ट होण्याची दुसरी वाट ‘क्वालिफाइंग रेलेटिव्ह’ची, आणि आईबाबांचा प्रश्न याच वाटेवर येतो. इथे वयाची अट नाही. आईवडील, सासू-सासरे, आजी-आजोबा तुमच्या घरात राहत नसले तरी चालतात. काका, मामा, आत्या, मावशी यांनाही नात्याच्या यादीत जागा आहे, कारण ते आईवडिलांचे सख्खे भाऊ-बहीण. मामी आणि काकू मात्र यादीत नाहीत, त्यांना वर्षभर तुमच्याच घरात राहावं लागेल. शिवाय त्या व्यक्तीचं स्वतःचं करपात्र उत्पन्न २०२५ मध्ये ५,२०० डॉलरच्या आत हवं आणि तिच्या वर्षाच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुम्ही उचललेला हवा. या अटी वाचून पुष्कळ जण सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढची ओळ वाचायची राहून जाते. दोन्ही वाटांना समान असलेली अट अशी, की डिपेन्डन्ट व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करनिवासी हवी, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी हवी. कोथरूडला राहणाऱ्या आईच्या औषधापासून कामवालीच्या पगारापर्यंत सगळा खर्च न्यू जर्सीतून जात असला, तरी ती डिपेन्डन्ट होत नाही. टोरांटोला राहणारी आई त्याच खर्चावर होऊ शकते. कायदा माया मोजत नाही, मुक्काम मोजतो.

मग सहा-सहा महिने येऊन राहणाऱ्या आजीचं काय? तिचा हिशेब दिवसांचा आहे. चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ भरले, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस असले, तर ती व्यक्ती करापुरती अमेरिकेची निवासी ठरते. समजा ठाण्याची एक आजी २०२४ मध्ये प्रथमच आली आणि १७४ दिवस राहिली. १८३ भरले नाहीत, ती अनिवासी. २०२५ मध्ये पुन्हा येऊन १६८ दिवस राहिली. १६८ अधिक १७४चे एक तृतीयांश ५८, एकूण २२६. या कसोटीनं ती निवासी झाली. लेकाला वाटलं, आता झालं काम.

पण पुढची पायरी उत्पन्नाची. ठाण्याच्या जुन्या फ्लॅटचं भाडं महिन्याला तीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. एफडीचं व्याज दोन लाख. बेरीज पाच लाख साठ हजार. डॉलर ८५ धरा की ९०, रक्कम सहा हजार डॉलरच्या वर जाते, मर्यादा ५,२०० ची. इथे वाट संपली. समजा भाडं नसतं आणि ती पायरी ओलांडली असती, तरी खर्चाच्या निम्म्याहून जास्त भाराचा हिशेब दाखवायचा, आयटिन काढायचा आणि हे सगळं ५०० डॉलरसाठी. शिवाय निवासी ठरलेल्या माणसाला जगभरच्या उत्पन्नाचा आणि परदेशी खात्यांचा नियम लागू होतो. आजीच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहिती वेगळ्या फॉर्मवर कळवावी लागते. ज्यांचं घरदार भारतात आहे आणि जे त्या वर्षी १८३ दिवसांपेक्षा कमी राहिले, त्यांना ‘आमचं जवळचं नातं भारताशी’ असं ८८४० क्रमांकाच्या फॉर्मवर सांगून अनिवासी राहता येतं. पण मग लेकाच्या रिटर्नवर डिपेन्डन्ट होता येत नाही. दोन्ही एकदम म्हणता येत नाही, आणि पाचशे डॉलरच्या मोहात हा तराजू नेहमी नजरेआड होतो.

आईबाबा ग्रीन कार्डावर येऊन स्थायिक झाले की चित्र बदलतं. निवासाची अट मिटते, ते वेगळ्या भाड्याच्या घरात राहत असले तरी अडत नाही. अशा वेळी खर्च भावंडांनी वाटून घेतलेला असतो. लेक भाडं भरते, मुलगा विमा आणि किराणा बघतो, कुणा एकाचा हिस्सा निम्म्याच्या वर जात नाही. यासाठी कायद्यात सोय आहे. सगळ्यांनी मिळून निम्म्याहून जास्त खर्च केला असेल, तर दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा देणाऱ्यांपैकी एकानं आईला धरायचं आणि तसा हिस्सा देणाऱ्या बाकीच्यांनी ‘या वर्षी आम्ही धरणार नाही’ असं लिहून द्यायचं. फॉर्म २१२० त्यासाठीच आहे. पुढच्या वर्षी पाळी बदलता येते.

घटस्फोटात मूल कुणाचं, याचं उत्तर कायदा रात्री मोजून देतो. ज्याच्याकडे मूल वर्षात जास्त रात्री राहिलं, तो पालक पहिला हक्कदार. त्यानं फॉर्म ८३३२ वर सही करून दिली तर मुलांचं क्रेडिट दुसऱ्याला घेता येतं. डे-केअरच्या खर्चाचं क्रेडिट मात्र मूल जिथे राहतं तिथेच राहतं. न्यायालयाच्या हुकुमात काही लिहिलं असलं तरी या फॉर्मवाचून आयआरएस पुढे जात नाही.

पुण्याला परत गेलेल्या घरांसाठी एक प्रकरण मुद्दाम ठेवलं आहे. बाणेरला राहणारे, हिंजवडीत नोकरी करणारे अमेरिकन नागरिक दरवर्षी अमेरिकेचं रिटर्न भरायला बांधील असतात, पण मुलांचं क्रेडिट आपल्याला आता लागू नाही असं त्यांना वाटतं. मुलानं अमेरिकेत राहायला हवं अशी अट नाही. त्यानं तुमच्याबरोबर राहायला हवं अशी आहे. त्यामुळे अमेरिकन नागरिक असलेलं, नंबर असलेलं मूल बाणेरलाही क्रेडिटला पात्र ठरू शकतं. मात्र परदेशातली कमाई वगळण्याचा २५५५ क्रमांकाचा फॉर्म भरला, तर रोख परत मिळणारा हिस्सा हातचा जातो. उलट आईबाबा डॅलसला आणि मूल आजी-आजोबांकडे पुण्याला, अशी घडी असेल तर मुक्कामाची अट आड येऊ शकते. ते कशासाठी आणि किती काळासाठी तिथे आहे, हे तपासूनच उत्तर द्यावं लागतं.

भारतातल्या आयकराची सवय इथे दिशाभूल करते. तिकडे नवराबायको वेगवेगळी रिटर्नं भरतात, मुलापोटी कसलंच क्रेडिट नसतं, आणि आईवडिलांच्या आरोग्यविम्याची वजावट जुन्या करपद्धतीत कलम ८०-डी खाली मिळते, ते तुमच्यावर अवलंबून असोत वा नसोत. इकडे त्याच विम्याचा हप्ता भरून काही हाती लागत नाही, आणि जे मिळतं ते तिकडे कधी ऐकलेलंही नसतं.

चुकीच्या दाव्याची किंमतही माहीत असावी. नियम बेपर्वाईनं डावलून क्रेडिट घेतलं असं ठरलं तर ते दोन वर्षं मागता येत नाही, फसवणूक ठरली तर दहा वर्षं. क्रेडिट नाकारलं गेल्यावर पुन्हा मागताना बहुधा फॉर्म ८८६२ जोडावा लागतो. पैसे घेऊन रिटर्न भरून देणाऱ्यालाही फॉर्म ८८६७ वर आपण चौकशी केल्याचं सांगावं लागतं. तेव्हा तुमचा सीपीए शाळेचं पत्र किंवा पासपोर्टच्या प्रती मागतो, तो अविश्वासानं नव्हे.

हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे असं नाही. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर याच क्रमानं उत्तरं लिहा: नातं कोणतं, वय किती, कुठे किती दिवस राहिला, त्याचं उत्पन्न किती, खर्च कुणी केला, नंबर कोणता. पहिल्या पाच उत्तरांवरून डिपेन्डन्ट आहे की नाही ते ठरेल. त्यापुढे वय, नंबर आणि तुमचं स्वतःचं उत्पन्न यांवरून रक्कम ठरेल. वाट कुठे अडली ते कागदावरच दिसेल, आणि ती अडचण पुढच्या वर्षी सुटणारी आहे की कायमची, हेही. थोरलीच्या नंबराची अडचण ग्रीन कार्डानं सुटते. सतराव्या वाढदिवसाची सुटत नाही. कोथरूडच्या आईची अडचण ती भारतात आहे तोवर सुटणार नाही, आणि तिला पैसे पाठवण्याशी त्या अडचणीचा काहीही संबंध नाही. एवढं वेगळं करता आलं की उरतं ते फॉर्म भरण्याचं काम, आणि ते १५ एप्रिलच्या आदल्या रात्रीसाठी ठेवू नये.